लहान कारखान्यांनी मिळून संशोधन कसं करावं: पहिल्या बैठकीपासून पेटंटच्या अर्जापर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, एप्रिल-मे महिन्यात दुसरी शिफ्ट लागली की एकच रड असायची. दिवसभर ओतलेल्या साच्यांची वाळू झटकून परत मिक्सरकडे यायची ती गरमच. थर्मामीटर खुपसला की काटा ६० अंशांच्या पुढे. अशा वाळूत पाणी घातलं तर ते वाफ होऊन उडतं, वाळूचे कण बांधून धरणारी बेंटोनाइट माती नीट फुलत नाही, बॉक्स बंद होईपर्यंत साच्याचा वरचा थर कोरडा पडतो आणि धातू आत शिरला की सुटलेले कण कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, अडकून बसतात. साचे बनवणारा आमचा जुना मोल्डर मूठभर वाळू घट्ट दाबायचा, तो गोळा मधोमध मोडायचा आणि कडा ढासळून भुगा पडला की गप्प उभा राहायचा. त्या रात्रीचं रिजेक्शन त्याला तिथंच कळलेलं असायचं.

शेजारच्या तीन फाउंड्र्यांतही तेच चालू होतं. मोठ्या फाउंड्रीत वाळू थंड करायला सँड कूलर असतो, पण त्याची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून आम्ही चौघे मालक आणि यंत्रं बनवून देणारा एक फॅब्रिकेटर एकत्र आलो, पैसे काढले आणि दोन उन्हाळे खपून लहान फाउंड्रीला परवडेल असा कूलर उभा केला. तो चालला. पुढं दीडेक वर्षानं कळलं की फॅब्रिकेटर तोच कूलर दुसऱ्या जिल्ह्यांत विकतोय. त्याचं म्हणणं, आराखडा त्यानं काढला. आमचं म्हणणं, पैसे आमचे, वाळू आमची, रात्री जागलो आम्ही. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं, आणि खरं काय ठरलं होतं ते दाखवायला कागद नव्हता. पंधरा वर्षांची ओळख त्यात गेली.

त्यानंतर मी अशा आणखी दोन गटांत काम केलं, तेव्हा आधी कागद केला आणि मग लोखंडाला हात लावला. मिळून केलेलं संशोधन फसलं तर कुणी भांडत नाही, खर्च वाटून घेतात आणि घरी जातात. भांडण लागतं ते यश आल्यावर. म्हणून पुढं सांगितलेला क्रम यश येणार हे धरून आखला आहे.

विषय कोणता घ्यावा

जे दुखणं सगळ्यांचं आहे, पण ज्याच्या जोरावर कुणी आपला माल विकत नाही, तो विषय घ्या. गरम वाळू, वाया जाणारी वाळू, कोअरचा (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात बसवायच्या गाभ्याचा) वास, भट्टीची वीज, पेंटशॉपचं सांडपाणी हे असे विषय आहेत. ग्राहक तुमच्याकडे कूलरसाठी येत नाही, चांगल्या कास्टिंगसाठी येतो. उलट एखाद्या व्हॉल्व्ह बॉडीची खास गेटिंग पद्धत, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटांची रचना, हे तुमचं पोट आहे. ते सामाईक टेबलावर ठेवू नका, कितीही मैत्री असली तरी.

एकमेकांचे स्पर्धक असून मिळून संशोधन करणं आपल्याकडे नवं नाही. अहमदाबादच्या कापड गिरण्यांनी १९४७ साली अटिरा ही संशोधन संस्था उभी केली, मुंबईच्या गिरण्यांसाठी १९५४ मध्ये बिट्रा आली. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या गिरण्या सूत का तुटतं हे मात्र एकत्र बसून शोधत होत्या. जर्मनीत लहान-मध्यम उद्योगांच्या सामाईक संशोधनाची शिखर संघटनाही त्याच १९५४ साली निघाली.

विषय ठरला की तो रुपयांत मांडा, आणि प्रत्येकानं स्वतःच्या आकड्यांत मांडा. उदाहरणादाखल एक हिशोब धरू. फाउंड्री महिन्याला २०० टन ओतते, वाळूमुळे होणारं रिजेक्शन ३ टक्के, म्हणजे ६ टन. लोखंड परत भट्टीत जातं, पण वीज, मजुरी, वाळू, साफसफाईचं शॉट ब्लास्टिंग हे सगळं जातं. किलोमागे ३५ रुपये धरले तर महिन्याला २ लाख १० हजार. चार फाउंड्र्यांचे मिळून ८ लाख ४० हजार. संशोधनानं यातलं निम्मं वाचलं आणि खर्च १२ लाख झाला, तर तीन महिन्यांत वसूल. हा हिशोब मांडता येत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही.

सोबती कोण

तीन ते पाच कारखाने पुरे. त्याहून जास्त झाले की बैठकीची तारीख ठरवण्यातच महिना जातो. येणारा माणूस जागेवर निर्णय घेणारा हवा, मालक किंवा कामांचा पूर्ण अधिकार असलेला मॅनेजर. "साहेबांना विचारून सांगतो" म्हणणारा माणूस दर बैठकीला येणार असेल तर त्या कारखान्याला नम्रपणे नको म्हणा.

सोबती पारखायची माझी एकच कसोटी आहे. त्याला म्हणा, "मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर दाखवा, ग्राहकाचं नाव झाकून." दुसऱ्या गटाच्या वेळी एकजण म्हणाले, "आमच्यात रिजेक्शन नाहीच हो." त्यांना आम्ही घेतलं नाही. दुसऱ्या एका मालकानं तेलकट पानांचं रजिस्टर तसंच टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बघा, मार्चमध्ये काय झालंय ते मलाच समजंना." असा माणूस सोबतीला हवा.

गटात फक्त एकाच प्रकारचे कारखाने नकोत. यंत्र बनवणारा, साच्यासाठी भागाचा नमुना (पॅटर्न) करणारा पॅटर्नवाला, मशीन शॉप, कधी बेंटोनाइटचा पुरवठादार, यांच्यापैकी एकजण तरी असू द्या. मात्र त्याचा फायदा तुमच्या फायद्यापेक्षा वेगळ्या जागी आहे हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. तुम्हाला कूलर वापरायचा आहे, त्याला विकायचा आहे. यात त्याचं चुकत नाही, फक्त ते लिहून काढायला हवं.

काय बोलायचं, काय नाही

पहिल्या तपशीलवार बैठकीआधी दोन पानांच्या गुप्तता करारावर सह्या घ्या. त्यात चार गोष्टी पुरतात: कोणती माहिती गुप्त, ती कशासाठीच वापरायची, किती वर्षं जपायची, आणि काम संपल्यावर कागद-फाइलींचं काय करायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आराखड्यांचे फोटो टाकायचे नाहीत हेही त्यात लिहा. आमचा अर्धा कूलर त्याच वाटेनं बाहेर गेला होता.

दर, ग्राहक आणि कोटेशन यांवर गटात चकार शब्द नको. एका धंद्यातले चारजण बसून किमतीबद्दल बोलले तर २००२ च्या स्पर्धा कायद्यातल्या कलम ३ च्या कचाट्यात सापडू शकतात. खरोखर कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना त्या कलमात सवलत आहे, पण ती संशोधनाच्या नावाखाली दर ठरवायला नाही. दर बैठकीचं इतिवृत्त लिहून ठेवा, काय बोललो याचा तोच पुरावा असतो.

आधीचं कुणाचं, नवं कुणाचं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

प्रत्येक सभासदानं काम सुरू होण्याआधी आपल्याकडचं आधीचं ज्ञान लिहून काढावं: "आमच्याकडे या मापाच्या फिरत्या ड्रमचा आराखडा आहे", "आम्ही वाळूवर हवा सोडण्याचा प्रयोग केला होता, त्याच्या नोंदी आहेत". तपशील उघड करायची गरज नाही, नुसता उल्लेख आणि तारीख पुरे. यादी सगळ्यांनी सही करून जोडायची. हे आधीचं ज्ञान ज्याचं त्याचंच राहतं. बाकीच्यांना ते या प्रकल्पापुरतं वापरता येतं, आणि प्रकल्पातून निघालेली वस्तू वापरण्यासाठी गरज असेल तर पुढंही, हे कलम विसरू नका. नाहीतर सामाईक कूलर तयार होतो आणि त्याचा ड्रम कुणा एकाच्या मालकीचा म्हणून अडकून पडतो.

आता नवं जे निघेल त्याचं. बहुतेक गट लिहितात, "सर्व सभासदांची समान मालकी राहील," आणि निश्चिंत होतात. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ५० अशा मालकीबद्दल काय म्हणतं ते पाहा. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा वाटा समान. प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतः वापरू शकतो, वस्तू बनवू आणि विकू शकतो, आणि बाकीच्यांना एक रुपयाही द्यावा लागत नाही. पण दुसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा तर सगळ्यांची संमती लागते.

हे आमच्या गटाला लावून बघा. पाच सहमालक, चार फाउंड्र्या आणि एक फॅब्रिकेटर. फॅब्रिकेटरकडे यंत्रं बनवायचा कारखाना आहे, तो कूलर बनवून देशभर विकेल आणि कायद्यानं कुणालाही हिस्सा देणं लागणार नाही. फाउंड्र्यांकडे तशी सोय नाही. त्यांना परवाना देऊन चार पैसे मिळवायचे तर त्याच फॅब्रिकेटरची सही लागणार. कागदावर समान असलेली मालकी अशी व्यवहारात एका बाजूला कलते.

म्हणून मालकीपेक्षा वापराचे हक्क वाटा. आमच्या दुसऱ्या गटात ठरलं ते असं: यंत्र बनवून विकायचा हक्क फॅब्रिकेटरचा. सभासद फाउंड्र्यांना कायमचा मोफत वापर आणि पहिली यंत्रं खर्चाच्या किमतीत. बाहेर विकलेल्या प्रत्येक यंत्रावर गटाला ठरावीक टक्का. पहिली दोन वर्षं आमच्याच तालुक्यातल्या स्पर्धकांना विक्री नाही. आणि फॅब्रिकेटरनं वर्षभर यंत्र बनवलंच नाही तर तो हक्क गटाकडे परत. टक्का किती ठेवायचा यावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. त्या तीन संध्याकाळी पुढच्या तीन वर्षांत एकदाही पुन्हा घालवाव्या लागल्या नाहीत.

शोध कुणाच्या डोक्यातून आला याची नोंदही त्याच वेळी व्हायला हवी. पेटंट अर्जात शोधकर्ता म्हणून माणसाचं नाव लागतं, कंपनीचं नाही. तुमच्या सुपरवायझरनं किंवा फिटरनं युक्ती काढली असेल तर त्याचं नाव अर्जात घाला, त्याच्याकडून हक्क कंपनीकडे लेखी वर्ग करून घ्या आणि त्याला मोबदला द्या. आमच्या दुसऱ्या कूलरमधला वाळू उलटी फिरवणारं पातं एका वेल्डरनं सुचवलं होतं. त्याचं नाव अर्जात आहे आणि त्याच्या घरात त्या अर्जाची प्रत फ्रेम करून लावली आहे.

संस्था काढायची का?

पहिल्या प्रकल्पासाठी नको. साधा सहकार्य करार पुरतो. त्यात एक प्रमुख कारखाना नेमा, तो हिशोब आणि पत्रव्यवहार पाहील. सामाईक यंत्रसामग्री घ्यायची, माणसं नेमायची, वर्षानुवर्षं काम चालवायचं असं ठरलं की मग एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी याचा विचार करा.

पैसे आणि तास

रोख किती आणि वस्तुरूपानं किती हे वेगळं लिहा. मशीनचा तास, माणसाचा दिवस, ओतलेलं किलो या प्रत्येकाचा दर सुरुवातीलाच ठरवा. हे केलं नाही तर शेवटी एकजण म्हणतो मी पाच लाख दिले, दुसरा म्हणतो माझी भट्टी वीस रात्री अडकली, आणि दोघांची तुलना करता येत नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं काढा. पहिल्या टप्प्यात एकूण रकमेचा चौथा हिस्सा बस्स.

प्रमुख कारखान्यानं खर्च करून बाकीच्यांकडून वाटा घेतला तर तो सेवेचा मोबदला ठरून त्यावर जीएसटी लागू शकतो. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळत असेल तर पैसे बुडत नाहीत, पण अडकतात. पहिलं बिल फाडण्याआधी सीएबरोबर तासभर बसा.

कॉलेज आणि लॅब

आपल्या भागात यासाठी दारं बरीच आहेत आणि ती आपण ठोठावत नाही. सांगलीचं वालचंद, इचलकरंजीचं डीकेटीई, पुण्याचं सीओईपी या इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या संस्था. वाहनांच्या भागांच्या चाचण्यांसाठी पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून आहे. रसायन आणि पॉलिमरसाठी पुण्याचीच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि तिच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, टूलिंगसाठी छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम. फाउंड्रीवाल्यांनी इंडियन फाउंड्रीमेन संस्थेच्या कोल्हापूर शाखेत चौकशी केली तर विषयातला जाणकार सापडतो.

प्राध्यापकांकडे जाताना "सर, रिजेक्शन कमी करून द्या" असं जाऊ नका. "६० अंशांची वाळू दहा मिनिटांत ४० वर आणायची आहे, तासाला पाच टन, पाण्याचं प्रमाण न बिघडवता" असा प्रश्न घेऊन जा.

एक गोष्ट जपा. विद्यार्थ्याला प्रबंध लिहायचा असतो, सरांना पेपर, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण पेटंट अर्जाआधी छापून आलेला शोध नवा राहत नाही. आपल्या कायद्यात त्याला असलेली सूट फार तोकडी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. म्हणून करारात लिहा: छापण्याआधी ३० दिवस मजकूर गटाला दाखवायचा, गरज असेल तर तेवढ्यात अर्ज करायचा, मग खुशाल छापा.

चाचण्या

एका वेळी एकच गोष्ट बदला. बोलायला सोपं आहे, पण शॉप फ्लोअरवर पाळायला सगळ्यात अवघड. कूलर लावला त्याच आठवड्यात बेंटोनाइटची गाडी दुसऱ्या कंपनीची आली, तर तो आठवडा हिशोबातून काढून टाका, मन कितीही मोडलं तरी.

एकच पॅटर्न निवडा, ज्याचं रिजेक्शन नेहमी जास्त असतं. एक दिवस कूलर चालू, एक दिवस बंद, असं आलटून पालटून किमान महिनाभर. शिफ्ट तीच, मोल्डर तोच. दर तासाला पाच नोंदी: वाळूचं तापमान, ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद), पर्मिअ‍ॅबिलिटी (तिच्यातून वायू किती सहज जातो). नमुना ठरलेल्या पद्धतीनंच करा, वाळू ठोकायच्या रॅमरचे तीन ठोके आणि ५० मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटर उंचीचा गोल तुकडा. चार कारखान्यांत चार हातांनी वेगवेगळे ठोके पडले तर आकडे जुळणार नाहीत. आम्ही सुरुवातीला एकाच बादलीतली वाळू चारही लॅबमध्ये फिरवली. ओलाव्याचे आकडे इतके वेगवेगळे आले की पहिले दोन आठवडे फक्त काटे आणि पद्धत जुळवण्यात गेले. ते दोन आठवडे वाया गेले असं मला वाटत नाही.

रिजेक्ट कशाला म्हणायचं हे चाचणीआधी ठरवा, नमुन्याची कास्टिंग टेबलावर ठेवून. तपासणाऱ्याला आजची खेप कूलरची की बिनकूलरची हे सांगू नका. त्यालाही कूलर चालावा असं वाटत असतं, आणि डोळा मनाचं ऐकतो.

तीन महिन्यांनी थांबायचं की पुढं जायचं याची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहा, आकड्यासकट. "रिजेक्शन ३ टक्क्यांवरून किमान २ वर आलं नाही तर थांबू." तारीख नसली की गट भिडेखातर पैसे घालत राहतो.

पेटंट की गुपित

बाजारात विकली जाणारी वस्तू कुणीही उघडून बघू शकतं. तिला पेटंट घ्या. कारखान्याच्या भिंतीआड चालणारी पद्धत, म्हणजे वाळूचं मिश्रण, वेळा, तापमान, ही गुपित ठेवलेली बरी. पेटंटमध्ये ती छापावी लागते आणि दुसऱ्यानं आपल्या शेडमध्ये वापरली तर तुम्हाला कळणारही नाही. गुपिताचं रक्षण आपल्याकडे मुख्यतः करारावर उभं आहे. नोकरी सोडणाऱ्याला "स्पर्धकाकडे जाऊ नको" असं बांधता येत नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ तसं बंधन रद्दबातल ठरवतं. पण गुप्त माहिती न वापरण्याचं बंधन घालता येतं.

पेटंटच्या खर्चाला घाबरू नका. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. परीक्षणाची फी ४,००० विरुद्ध २०,०००. सवलतीसाठी फॉर्म २८ जोडावा लागतो. एक मोठी कंपनी सहअर्जदार झाली की सवलत गेली. आधी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करा, म्हणजे तारीख हातात येते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. चाचण्यांचा दुसरा उन्हाळा त्यात बसतो. पेटंट एजंटचे पैसे वेगळे, आणि दावे, म्हणजे नेमकं काय आपलं ते, लिहिण्याचं काम चांगल्या एजंटकडेच द्या. अर्जाआधी एकही यंत्र गटाबाहेर विकू नका, प्रदर्शनात मांडू नका.

सरकारी मदत

ती शेवटी लिहितोय कारण ती शेवटीच शोधावी. अनुदानासाठी जमलेला गट अनुदान लांबलं की पांगतो. केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत पेटंटच्या खर्चाची भरपाई मिळू शकते. सामाईक सुविधा केंद्रासाठी एमएसई-सीडीपी ही लघुउद्योग समूहांची योजना आहे. कोल्हापूर आणि बेळगावच्या फाउंड्री क्लस्टरनी (फाउंड्र्यांच्या समूहांनी) वाळू पुन्हा वापरात आणण्याची सामाईक केंद्रं सरकारी मदतीतूनच उभी केली. ती एकदा जाऊन बघाच. रकमा आणि अटी बदलत असतात, अर्जाच्या दिवशीची मार्गदर्शक सूचना वाचा.

बाहेर पडताना

कुणीतरी मधेच सोडणार. कारखाना विकला जाईल, मुलगा धंद्यात येणार नाही, पैशाची ओढ लागेल. करारात लिहा: ६० दिवसांची नोटीस, घातलेले पैसे परत नाहीत, तोवर निघालेलं वापरायचा हक्क राहील, पुढच्या शोधात वाटा नाही, आणि गुप्ततेचं बंधन कायम. कारखाना विकला गेला तर नव्या मालकाला गटात घ्यायचं की नाही हे बाकीचे ठरवतील. नवा मालक तुमचा मोठा स्पर्धक असू शकतो. वाद झालाच तर आधी दोन्ही बाजूंना मान्य असा एक ज्येष्ठ फाउंड्रीवाला, मग लवाद, आणि लवादाचं ठिकाण कोल्हापूरच.

शेवटच्या बैठकीत तीन वस्तू हातोहात द्यायच्या. सगळ्या चाचणी नोंदींची एकेक प्रत प्रत्येकाला. आराखड्यांचा शेवटचा, सही केलेला संच. आणि सामाईक पैशातून घेतलेल्या वस्तूंची यादी, कुठली कुणाकडे राहणार ते लिहून. आमच्या दुसऱ्या गटात ओलावा मोजायचं यंत्र कुणी ठेवायचं यावर चर्चा अडली, तेव्हा तेलकट रजिस्टरवाले मालक म्हणाले, "दर तीन महिन्यांनी फिरवू की." ते यंत्र अजून फिरतंय. या महिन्यात आमच्याकडे आहे.